बास्सूची माती

वारझाझात शहराबाहेरच्या माळावर सिनेमातली लढाई व्हायची असली, की सगळ्यांत आधी तिथे बास्सू पोचायचा, खांद्यावर पहार आणि फावडं घेऊन. राजे, सेनापती, तंबू, झेंडे मागून यायचे. घोडा कुठे पडणार ते एकदा ठरलं, की तिथली जमीन मांडीइतकी खोल खणायची, दगड वेचायचे, माती चाळायची. तळाला पेंढा, वर नदीची वाळू, आणि त्यावर पुन्हा माळाचीच माती अशी पसरायची की कॅमेऱ्याला पत्ता लागू नये. काम चांगलं झालं तर ते दिसायचं नाही. वाईट झालं तर घोडा लंगडायचा. बास्सूच्या मातीवर पडून कधी कुठला घोडा लंगडला नाही, म्हणून त्याचं नावही कधी कुणी घेतलं नाही.

जनावरांना इजा होऊ नये हे पाहायला परदेशातून एक बाई यायची. तिला सगळे घोड्यांची बाई म्हणत. ती बास्सूच्या मातीत टाच रोवून बघायची, मान हलवायची, मगच बंदुकीत दारू भरली जायची. घोडा पडला की ती धावत जाऊन त्याचे चारी पाय चाचपायची. तेवढ्यात पायदळातला कुणी गावकरी शेजारच्या खडकावर आपटून कोपर धरून बसलेला असायचा. बास्सूचा चुलतभाऊ मोहा एकदा असाच बसल्या बसल्या म्हणाला, "बास्सू, मला आणखी दोन पाय लाव रे. मग मलाही कुणी विचारेल."

"घोड्याच्या पडण्याचं काम माझ्याकडे," बास्सू म्हणाला. "तुझ्या पडण्याचं तुझं तू बघ."

पडणाऱ्या घोड्यांत इझेम अव्वल. पांढराशुभ्र, उमदा. इझेम म्हणजे सिंह. या सिंहाचं पोट पडण्यावर चालायचं. स्वाराने डावा लगाम वर खेचला आणि त्याच क्षणी बार झाला, की तो डाव्या खांद्यावर अलगद आडवा व्हायचा, मेल्यासारखा पडून राहायचा, आणि सगळं शांत झालं की एक डोळा उघडून बघायचा. पण भरधाव येतानाच तो पुढच्या खुरांनी जमीन जोखायचा. मऊ असली तरच पडायचा.

एकदा बास्सू तापाने अंथरुणावर होता. बाकीच्या मजुरांनी जमीन वरवर खरवडली आणि वाळू टाकली. इझेम दौडत आला, बार झाला, लगाम खेचला गेला, आणि तो उभा राहून दिग्दर्शकाकडे बघत राहिला. दिवसभर हेच. घोडा बिघडला, असं सगळ्यांचं मत पडलं. ताप उतरल्यावर बास्सूने तीच जागा पुन्हा खणली आणि इझेम पहिल्या बाराला पडला. घोडा सुधारला, असं सगळ्यांचं मत पडलं.

पुढे इझेम म्हातारा झाला. पडायची सवय असलेला घोडा गाडीला कोण जुंपणार? पागेच्या मालकाने तो बास्सूला देऊन टाकला. बास्सूची कंबरही आता कुरकुरत होती. दोघे गावी परतले.

गावच्या पिराच्या उरुसात दरवर्षी घोडेस्वारांची फळी दौडायची. मैदानाच्या टोकाला सगळ्यांनी लांब बंदुका उचलून बार काढायचा आणि आवाज एकच आला पाहिजे. बास्सूचा बाप त्या फळीत होता. एका दुष्काळात त्याचा घोडा विकला गेला आणि घोड्याबरोबर फळीतली जागाही गेली. बास्सूच्या मनात एकच होतं. आयुष्य दुसऱ्यांचे घोडे पाडण्यात गेलं. एकदा बापाच्या जागी दौडायचं, बार काढायचा आणि ताठ बसून परत यायचं. पण फळीचा मुकादम होता त्याच्या बायकोचा भाऊ हद्दू, आणि हद्दूचं म्हणणं ठरलेलं: "दाजी, तुम्ही घोड्यांची अंथरुणं घाला. बसायचं आम्ही बघतो."

त्या वर्षी मात्र फळीत एक जागा रिकामी पडली, आणि बाराला न बुजणारा मोकळा घोडा गावात एकच होता. हद्दू स्वतः चहाला आला. पुदिन्याचा तिसरा पेला संपल्यावर मुद्द्यावर आला. बास्सूने लपवलं नाही. बंदूक उचलताना डावा लगाम वर ओढला जातोच, आणि हा घोडा त्याला पडतो, असं सरळ सांगितलं.

"कुठेही पडतो?"

"मऊ जमिनीवर."

हद्दूने दारातून बाहेर नजर टाकली. क्षितिजापर्यंत दगड. "मग आपल्या गावात तो अमर आहे," तो म्हणाला.

गावामागच्या माळावर सराव झाला. इझेमने कानसुद्धा हलवला नाही. इत्तोने, बास्सूच्या बायकोने, सासऱ्याचा पांढरा पायघोळ जेलाबा पेटीतून काढून उन्हात टाकला.

आणि मग सरकारी हुकूम आला. आदल्या वर्षी कुठल्या कुठल्या उरुसांत घोड्यांचे पाय मोडले होते. यंदा मैदान मऊ केल्याशिवाय दौड होणार नाही. हद्दू आनंदाने धावत आला. हे काम अख्ख्या मुलखात एकाच माणसाला येतं आणि तो आपल्या घरचा आहे, हे तो वाटेत भेटेल त्याला सांगत आला होता.

बास्सूने परसात एक तुकडा खणून इझेमला त्यावर नेलं, बार काढला. इझेम मोठ्या खुशीने पडला आणि एक डोळा उघडून शाबासकीची वाट बघू लागला.

"तुझ्या जागेपुरती पट्टी कडक ठेव," जेवताना इत्तो म्हणाली. "कुणाला कळतंय?"

"मऊवरून कडकवर पाय पडला की तिथेच मोडतो. शेजारी तुझ्या भावाचा घोडा आहे."

"मग सगळंच जरा वरवर कर."

बास्सूने हातातला रोटीचा तुकडा खाली ठेवला. इत्तो पुन्हा ते बोलली नाही.

त्याने हद्दूला पुन्हा बजावलं. हद्दू म्हणाला, "भीती वाटत असेल तर तसं सांगा, दाजी. घोडा द्या, बसायला पोरं रांगेत आहेत."

"मी बसणार," बास्सू म्हणाला आणि पहार घेऊन मैदानावर गेला.

मदतीला आलेले गावकरी कुरकुरले. उरुसासाठी एवढी चाळणी कशाला, हे काय सिनेमाचं काम आहे? बास्सू म्हणाला की सिनेमात घोडा एकदा पडतो, इथे दिवसभर धावणार आहेत. ज्यांनी चाळणी नीट धरली नाही त्यांच्या हातून त्याने ती काढून घेतली. कंबरेने शेवटी दगा दिला, तेव्हा गुडघ्यांवर बसून दगड वेचले.

उरुसाच्या दिवशी फळी सुटली. बास्सूला खोगिरातून खालची माती कळत होती. उत्तम माती होती. त्याला हसावं की रडावं ते कळेना. हद्दूने आरोळी दिली, बंदुका वर गेल्या, डावा लगाम ताणला गेला, आणि एकच बार झाला; असा एकजीव आवाज गावाने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. धूर विरला तेव्हा इझेम डाव्या खांद्यावर मरून पडला होता आणि बापाच्या जेलाब्यात बास्सू त्याच्या शेजारी.

मैदान चिडीचूप. मग इझेमने एक डोळा उघडला.

कुणाला ओरखडा नव्हता. जनावरांचा सरकारी डॉक्टर धावत आला, त्याने घोड्याचे चारी पाय चाचपले, आणि कुणीतरी आठवण केल्यावर बास्सूलाही विचारलं. तोवर लोकांनी ठरवून टाकलं होतं की ही खास सिनेमातली करामत आहे, आणि बायकांच्या हर्षाच्या किलकाऱ्या सुरू झाल्या. हद्दू शिव्या तोंडात घेऊन मागे वळला होता. त्याने त्या गिळल्या, छातीवर हात ठेवला आणि लोकांपुढे झुकला.

पुढच्या वर्षी लांबलांबची माणसं पडणारा घोडा बघायला आली. बास्सूला आता खाली वाकता येत नव्हतं, म्हणून मैदान शहरातल्या ठेकेदाराकडे गेलं. त्याने यंत्र फिरवलं, वाळू पसरली, फोटो काढला आणि गेला. बास्सूने टाच रोवून पाहिली. वर बोटभर वाळू, खाली तोच दगड. पूर्वीपेक्षा वाईट नाही, एवढंच. त्याने हद्दूला सांगितलं, पण हद्दू पाहुण्यांना पुढच्या जागा देण्यात गुंतला होता.

फळी सुटली. बार झाला. इझेम उभाच. बास्सू त्याच्यावर ताठ, बापाची बंदूक हातात, नळीतून धूर निघतोय. जन्मभर जे मागितलं ते नेमकं असंच होतं. गर्दीतून निराशेचा सुस्कारा आला. मग कुणीतरी ओरडलं, "पाड की!" आणि सगळ्यांनी तेच धरलं.

हद्दू घोडा जवळ आणून दबक्या आवाजात म्हणाला, "दाजी, पडा ना."

"जमीन कुठाय?" बास्सू म्हणाला.

तो इझेमला वळवून संथ चालीने सगळं मैदान ओलांडत परत आला. कंबर दुखत होती, तरी पाठ वाकू दिली नाही. दोन्ही बाजूंनी लोक उठून चालले होते. घोडा बिघडला, असं सगळ्यांचं मत पडलं.

इत्तो लगाम धरायला पुढे आली. उतरल्यावर बास्सूने कण्हत इझेमचा पुढचा खूर गुडघ्यावर घेतला, त्यात रुतलेला खडा अंगठ्याने काढला आणि खिशात टाकला. ठेकेदाराला दाखवायला.