घुंगरं मुठीत

माथेरानला घोड्यांच्या शर्यतीचं मैदान आहे. तिथे एका वैशाखात माणसांची शर्यत झाली आणि तिच्यात मी फेरे मोजायला होतो. त्या दिवशी एका माणसाचं नुकसान झालं ते माझ्यामुळे. हे मी एका वाडीत जाऊन सांगितलं आहे, पण आपल्या माणसांत कधी बोललो नाही. म्हणून लिहितो.

तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो, नेरळच्या शाळेत मास्तर. डोंगरावर बंगला असलेल्या एका म्हाताऱ्या साहेबाने विलायतेच्या वर्तमानपत्रात वाचलं होतं, की तिकडे माणसं रात्रंदिवस एका रिंगणात चालतात आणि लोक ते बघायला गर्दी करतात. ते त्याच्या डोक्यात बसलं. त्याच सुमारास नेरळहून वर टपाल नेणारा जुना हरकारा गुडघ्यांनी अधू झाला होता. साहेबाची टपालखात्यात ओळख होती. त्याने ठरवलं, सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत जो जास्त फेरे करील त्याला ती जागा, बारमाही, बिल्ल्यासकट.

सातजण आले. प्रत्येकामागे एक मोजणारा. मी हिशेबाला पक्का असं कोणीतरी साहेबाला सांगितलं होतं, म्हणून मला बोलावणं आलं. मला त्याचा फार अभिमान वाटला. घरून निघताना मी इस्त्रीचा अंगरखा घातला होता.

माझ्या वाट्याला आला तो डोंगराच्या पायथ्याच्या वाडीतला एक ठाकर. जुना हरकारा आजारी पडला की हाच त्याच्या बदली टपाल न्यायचा. त्याची बायकोही सोबत आली होती. ती माझ्यापासून दहा हातांवर जांभळीखाली बसली. दुपारी पाणी द्यायच्या निमित्ताने तिच्याकडूनच मला सगळं कळलं. जागा मिळाली नाही तर दिवाळीनंतर पुन्हा कोळशाच्या भट्टीवर जावं लागणार होतं. मागच्या साली भट्टीवर त्यांचं एक पोर तापाने गेलं होतं. दुसरं घेऊन तिथे जायची नाही, असं तिने नवऱ्याला सांगून ठेवलं होतं. म्हणून नवरा शर्यतीत उतरला होता.

माझी मोजायची रीत अशी : दोन वाट्या, एकीत चिंचोके. फेरा झाला की एक चिंचोका दुसरीत टाकायचा, वीस झाले की पाटीवर रेघ ओढायची. त्याच्या बायकोने आपली वेगळीच रीत काढली होती. नवरा पुढून गेला की जांभळीचं एक पान खाली ठेवायची, वीस पानं झाली की ती उचलून त्यांच्या जागी एक दगड. मी ते बघून मनात हसलो होतो.

चालताना त्याच्या हातात टपालाची काठी होती, टोकाला घुंगरं बांधलेली. रानातून जाताना जनावर बाजूला व्हावं म्हणून हरकारे ती वाजवत जातात. साहेबाने काठी ठेव म्हणून सांगितलं, पण काठीशिवाय त्याचे पाय पडेनात. शेवटी काठी राहिली. दिवसभर त्या घुंगरांचा आवाज मैदानाला वळसा घालून माझ्याकडे यायचा, पुढून जायचा आणि पुन्हा झाडीकडे बारीक व्हायचा.

पाणी मी तांब्याने वरून ओतायचो आणि तो ओंजळीने प्यायचा. तशीच रीत होती. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

दिवेलागणीपर्यंत पाचजण थकून बसले. उरले दोघे, माझा ठाकर आणि मडमांच्या खुर्च्या वाहणारा एक दांडगा भोई. भोई त्याला मागून टोचायचा.

“कुनाचं टपाल घेऊन चाललायस रं? बायकोला पत्तर हाय का?”

“तुजी खुर्ची कुटं हाय ते बग आदी,” ठाकर मागे न बघता म्हणाला. “मडम पडली वाटतं दरीत.”

भोई इतका हसला की त्याला ठसका लागला. ठाकरच थांबून त्याच्या पाठीवर थापट्या मारायला लागला. त्यानंतर बराच वेळ दोघे बरोबरीने चालत होते.

रात्री खांबांवर कंदील लावले. त्यांचा उजेड खांबाच्या बुंध्यापलीकडे जात नव्हता. मध्यरात्रीनंतर मी डोळे मिटून मोजायला लागलो. घुंगरं पुढून गेली की हात आपोआप चिंचोक्याकडे जायचा. डोळे मिटूनही फेरा चुकत नाही, याचंही मला कौतुक वाटलं. पहाटेच्या गार वाऱ्यात मी खरोखर झोपलो. किती वेळ ते माहीत नाही. जागा झालो तेव्हा घुंगरं लांब झाडीपाशी वाजत होती आणि हातात चिंचोका तसाच होता. मला वाटलं, डोळा लागला असेल क्षणभर. झोपेतही आवाजाने मी जागा झालोच असतो.

सूर्य वर आला, साहेबाने घंटा वाजवली. माझ्या पाटीवर पंधरा विसा आणि नऊ फेरे होते. भोयाच्या मोजणाऱ्याने सांगितलं, पंधरा विसा आणि अकरा. भोई दोन फेऱ्यांनी जिंकला.

ठाकर तिथेच मातीत बसला. त्याची बायको उठून माझ्याजवळ आली. तिच्या एका हातात पदरात बांधलेले दगड होते, दुसऱ्या हातात पानं.

“मास्तर, तुमचं किती आलं?”

मी आकडा सांगितला. तिने पानं माझ्यासमोर एकेक करून मांडली. दगड पंधराच होते. पानं तेरा होती.

साहेब आमच्याकडे बघत होता. तो जवळ आला, पानं बघून हसला आणि मला विचारलं, “मास्तर, तुम सोया?”

खरं सांगायला तशी वेळ पुन्हा आली नसती. पण शेजारी इतर मोजणारे उभे होते, माझ्या शाळेच्या गावचे दोघेजण उभे होते. ज्याला हिशेबाला पक्का म्हणून बोलावलं तो झोपला, हे त्यांच्यापुढे माझ्या तोंडून निघेना. मी म्हणालो, “नाही साहेब.”

तिने पानं गोळा केली. “माजंच चुकलं आसंल,” ती म्हणाली. “आमाला कुटं मोजता येतंय.”

डोंगर उतरताना ते दोघे माझ्या पुढेच होते. त्याच्या पायांना फोड आले होते, तो काठीवर भार देत उतरत होता. मी गाठल्यावर तोच बोलला. माझी झोप झाली का, विचारलं. मला वाटलं टोमणा मारतोय. पण तसं नव्हतं.

“पाटंच्या पारी तुमाला झोप लागली व्हती,” तो म्हणाला. “म्हनून तुमच्याम्होरून जाताना घुंगरं मुठीत धरली. गावातनं रातचं जाताना आमी तसंच करतो. पोरं उठत्यात.”

वर जाऊन साहेबाला सांगायला अजून वेळ होता, आम्ही अर्धाच डोंगर उतरलो होतो. मी उतरत राहिलो.

पुढची सात वर्षं भोई डोंगर चढण्याआधी माझ्या शाळेला टपाल देऊन जायचा. भला माणूस होता. त्याच्या छातीवरचा बिल्ला दिसला की मी नजर पाटीवर वळवायचो. ठाकर आणि त्याची बायको दिवाळीनंतर भट्टीवर जात. दुसरं पोर ती आपल्या आईकडे ठेवून जात असे.

साहेब विलायतेला परत गेल्यावर मी सांगायला निघालो, हेही लिहिलं पाहिजे. आता माझं काही बिघडणार नव्हतं. नेरळच्या ठेसनाबाहेर ठाकर मोळी टेकून बसला होता. मी त्याच्याशेजारी उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. त्याचे चार फेरे मी मोजले नाहीत, तो दोनने जिंकला होता, आणि हे मला त्याच दिवशी कळलं होतं.

त्याने मोळीची दोरी आवळली.

“मला नगा सांगू,” तो म्हणाला. “बायलीला सांगा. वाडीत तिला समदी पानवाली म्हनत्यात. ती बाजारात जिन्नस मोजून घ्यायचीबी बंद झाली.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वाडीत गेलो. ती नाचणी कांडत होती. सोबत तीन-चार बाया होत्या. मी सांगत असताना तिने मुसळ थांबवलं नाही. माझं बोलणं संपलं तेव्हा ते थांबलं.

“म्हंजी तेराच व्हती,” ती म्हणाली.

“तेराच होती. पंधरा विसा आणि तेरा.”

“ह्यांना सांगा.” तिने बायांकडे मान केली. “जरा मोट्यानं सांगा. ती म्हातारी भयरी हाय.”

मी उभा राहिलो आणि शाळेत पाढे म्हणतो तशा आवाजात पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. म्हातारीने दोनदा विचारलं, मास्तर खरंच झोपला होता का. मी दोन्ही वेळा हो म्हणालो.