ब्रेकची शीळ

मुक्ता, अर्णव,

परवा मुक्ताने फोनवर विचारलं, "आजी, मी जुनी गाडी घेतली आहे. ब्रेक पॅड कधी बदलायचे गं?" उत्तर एका ओळीचं आहे: गाडीच्या पुस्तकात सांगितलं असेल तेव्हा. पण ही एक ओळ ज्या माणसाने मला पंधरा वर्षं धड बोलू दिली नाही, त्याच्याबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

"जीव हाय अजून त्यात."

आमच्या काळेवाडीच्या मेकॅनिकचा हा ठरलेला निकाल. चालू इंजिनावर वाकायचं, डोळे मिटायचे, मान तिरकी करायची आणि हे म्हणायचं. पट्टा, क्लच, वायपरची रबरं, सगळ्यातच जीव.

मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. माझ्याकडे गाडीची वही असते: तारीख, किलोमीटर, काय बदललं, काय बदलायचं. मी त्यांच्यापुढे गाडीचं पुस्तक उघडून वाचायची, "एअर फिल्टर बदलायची वेळ झाली आहे." ते फिल्टर काढायचे, मांडीवर दोनदा आपटायचे आणि तोच परत बसवायचे.

"अहो, इथे छापलंय!"

"छापणाऱ्यानं आपली गाडी बघितलीय का, बाई?"

तुम्ही म्हणाल, मेकॅनिक बदलायचा. बदलला होता. चाकण रस्त्यावरच्या एका चकचकीत वर्कशॉपमध्ये गेले. तिथे गार हवेत बसवून कॉफी दिली आणि अकरा भाग बदलायची छापील यादी हातात ठेवली. मी पुढच्याच आठवड्यात काळेवाडीत हजर.

"आलात? कॉफी झ्याक असती म्हणं तिथली."

तरुणपणी ते एका कंपनीत प्रेस शॉपला होते. शिफ्टभर पत्रा ठोकणारी यंत्रं, वर ओव्हरटाइम. ते सोडून त्यांनी ही शेड टाकली. "गाडी बोलती, बाई. आपण निस्तं ऐकायचं." लोक लांबून यायचे ते त्यांच्या या कानासाठीच.

तीन वर्षांपूर्वी ब्रेक दाबला की माझ्या गाडीच्या डाव्या पुढच्या चाकातून बारीक शीळ यायला लागली. एका महिन्यात मी तीनदा गेले. तिसऱ्या वेळी त्यांना शेजारी बसवून चक्कर मारली. प्रत्येक सिग्नलला शीळ वाजत होती आणि मी ओरडत होते, "हे बघा! हे! आता!"

"काय न्हाई वाजत. जीव हाय अजून."

शेडवर परतल्यावर माझा तोल गेला. चार गिऱ्हाइकांसमोर मी म्हणाले, "कान आहेत की नाहीत तुम्हाला?"

ते हसले, फडक्याला हात पुसले आणि दुसऱ्या गाडीच्या बॉनेटखाली वाकले. मी त्यांच्या पाठीला म्हणाले, "उद्यापासून मी गाडी दुसरीकडे नेणार." उत्तर नाही. पुन्हा म्हणाले, मोठ्याने. नाही. मग मी समोर जाऊन उभी राहिले. माझा चेहरा दिसताच ते म्हणाले, "काय म्हणालात, बाई?"

दरवर्षी वर्गात एक तरी मूल असं असायचं, जे पहिल्या बाकावर बसून माझ्या ओठांकडे बघत राहायचं. अशी मुलं मी आठवड्याभरात ओळखायची. इथे मात्र इतकी वर्षं मी फक्त चिडत राहिले.

हे गिऱ्हाइकांना कळलं असतं तर शेड बंद पडली असती. म्हणून मी बोलले नाही. वहीचं पान फाडून मोठ्या अक्षरात लिहिलं, "डावं पुढचं चाक. ब्रेक दाबला की शीळ. मला ऐकू येते." ते पान त्यांच्या पान्यांच्या पेटीवर ठेवलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. चाक काढलं. पॅड पार झिजला होता. त्यात एक पत्र्याची जीभ असते. पॅड संपत आला की ती चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला घासून किंचाळते, माणसाने वेळेत बदलावा म्हणून. चकतीवर चर पडला होता. त्यावरून त्यांनी नख फिरवलं.

"हे वाजत व्हतं?"

"महिनाभर."

"आन् मी तुमाला तसंच जाऊ दिलं."

त्यानंतर ते आलेल्या प्रत्येक गाडीची चाकं काढून पॅड मोजायला लागले. कुणी विचारलं तर, "नवीन पद्धत हाय." माझ्यापुढे मात्र हात पुढे करायचे, "आज काय लिवलंय?" मी चिठ्ठी द्यायची. चिठ्ठीत दर वेळी शेवटची ओळ एकच असायची: कानाला मशीन लावा.

वाचून ते कानाची पाळी ओढायचे. "जीव हाय अजून."

पाना फेकून मारावासा वाटायचा.

ते मशीन त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही. दिवाळीनंतर ते गेले, झोपेतच. शेडमध्ये आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

त्यांनी त्या दिवशी बसवलेले पॅड अजून गाडीत आहेत. काल चाक काढून मोजून घेतले. पुस्तकात तीन मिलिमीटरला बदला असं छापलंय. पाच उरले आहेत.