कोंबड्यांचे डोळे अश्रुधुराने सुजलेले नाहीत

वाडीकरांनो, मोर्चाच्या सूचनेखाली फळ्यावर कोंबड्यांचं लिहितेय, रागावू नका. आधी वाचा.

आज सकाळी माझ्या चार कोंबड्यांचे डोळे सुजून मिटले होते. शेजारचे अप्पा म्हणाले, "कालचा अश्रुधूर! या सरकारने मुक्या जिवांनाही सोडलं नाही."

मलाही पटलं. मग वाटलं, आपले डोळे तर रात्रीच निवळले, यांचे का नाहीत? एकीला उचलून नाकाजवळ धरलं, तर चोचीतून कुजकी घाण आली. धुराने अशी घाण येत नाही.

तिला टोपलीत घालून थेट परळला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "सर्दीचा रोग आहे. एकाच भांड्यातलं पाणी प्यायल्या की सगळ्यांना लागतो."

आजारी कोंबड्या मी वेगळ्या ठेवल्यात, पाण्यात औषध घातलंय, डोळे बोरिकच्या पाण्याने पुसतेय. एकही मरू देणार नाही.

अप्पांच्या कोंबड्याही शिंकताहेत, पण ते ऐकत नाहीत. विहिरीजवळच्या घमेल्यात अख्ख्या वाडीच्या कोंबड्या पाणी पितात. ते घमेलं मी आत्ताच पालथं घातलंय.

उद्या मोर्चात सरकारविरुद्ध मीही ओरडणार आहे. पण ते घमेलं कोणी पुन्हा भरलं, तर पहिली घोषणा त्याच्या दारात देईन.