इंटरनेट काढलं, तरी पोच येत होती

"शबानाकडून चाव्या काढून घेतल्यात मी," मी सर्व्हरसमोर बसायच्या आधीच नाना म्हणाले. "आपले बठ्ठे भाव, सगळेच्या सगळे, बाहेर चाललेत. पासवर्ड फक्त तिला आणि मला ठाऊक."

नाना म्हणजे बोदवडजवळच्या एका जिनिंगचे, कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचे, मालक. शबाना त्यांचा वजनकाटा आणि कॉम्प्युटर सांभाळते. मी जळगावहून नेटवर्कच्या कामाला येते. दसऱ्याची सकाळ, थोड्याच वेळात मुहूर्ताची कापूसखरेदी, आणि सर्व्हरमधून धडाधड पॅकेट सुटत होती. पॅकेट म्हणजे माहितीचं छोटं पार्सल. वर घेणाऱ्याचा पत्ता असतो. एक उघडलं. आत गाडीचा नंबर, वजन, भाव.

शबाना दारातच उभी होती. "ताई, सर्व्हर स्लो झाला म्हणून मीच नानांना हे दाखवलं. चोरी करायची असती तर दाखवलं असतं का?"

मला पटलं. पण नानांना पटवायचं तर पॅकेट कुठे जातात ते दाखवणं भाग होतं.

मी इंटरनेटची केबल उपसली. पॅकेट चालूच, आणि समोरून 'मिळालं, मिळालं' अशी पोचही येतेय. मला खुर्चीत बसवेना.

"नाना, घेणारा कंपाउंडच्या आतच आहे."

"आत कोण असणार?"

"तेच बघू की."

सगळ्या केबल जिथे येऊन मिळतात तो डबा म्हणजे स्विच. तिथल्या केबल एकेक काढत, परत लावत गेले. निळी काढली आणि पोच थांबली. लावली, पुन्हा सुरू. सापडला गडी. निळी केबल धरून मी निघाले, मागे नाना, त्यांच्यामागे शबाना. केबल मशीन हॉलमध्ये गेली आणि थेट कालच्या खंडेनवमीच्या पूजेत शिरली. नटबोल्टचे पाने, मशीनचे पट्टे, जुना तराजू, सगळ्यांना हळदकुंकू. झेंडूच्या हाराआड भाव दाखवायचा जुना बोर्ड. पुढचे दिवे कधीच गेलेले, म्हणून काळाठिक्कर. मागे मात्र एक हिरवा दिवा लुकलुकत होता.

हा बोर्ड पूर्वी गेटवर असायचा. तो काढला, पण सर्व्हरच्या सेटिंगमधून कुणी काढला नाही. बिचारा सर्व्हर इतकी वर्षं त्याच पत्त्याला हाक मारत राहिला. काल पहिल्यांदा ओ मिळाली, आणि त्यानं साठलेलं सगळं ओतायला सुरुवात केली.

"हा चालू कुणी केला?"

नाना उगाच हार सारखा करू लागले. "माझ्या वडलांनी, आबांनी आणलेला बोर्ड. पूजेतलं यंत्र बंद कसं ठेवायचं? जुनी केबल भिंतीवर लोंबतच होती. मीच लावली."

मला हसू आवरेना. नाना हसले नाहीत. त्यांनी खिशातून चाव्या काढून शबानापुढे धरल्या. "चुकलं माझं, पोरी. गाड्या आल्यात. काट्यावर बस."

शबानानं आधी डोळे पुसले, मग चाव्या घेतल्या. "बसते. पण पासवर्ड आजच बदलणार, नाना. आणि नवा तुम्हाला मिळायचा नाही."

नानांनी मान डोलावली.

आता दसऱ्याच्या सुमारास फोन आला की मी पहिलं विचारते, पूजेला काय काय लावलं? संशय कुणावर आहे, ते नंतर सांगा.