पिशवी काढा म्हणाले, पुढचं कुणी विचारलं नाही

बाळांनो, तुमच्यातली थोरली परवा फोनवर म्हणाली, पाळीत फार अंगावरून जातं म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. "रक्त थांबलं, आजी, पण..." आणि तिने विषय बदलला. त्या 'पण'च्या पुढचं मला ठाऊक आहे, म्हणून लिहिते. नातवांनीही वाचावं, यात लाजण्यासारखं काही नाही.

चाळिशीनंतर माझंही असंच झालं. चामोर्शीच्या आमच्या घरी पाळी आली की बाईची चटई सपरीत, म्हणजे बाहेरच्या ओसरीत. मी शाळेत इंग्रजी शिकवायची, तरी नियम तोच. चार दिवसांचा अर्धा महिना झाला. तुमचे आजोबा आत, मी बाहेर. गोळ्यांनी रक्त आटलं, मी आत आले. पण त्यांनी हात धरला की नकोसं व्हायचं. माणूस नकोसा नव्हता, हे कुणाला समजावणार?

गोळ्या किती दिवस घ्यायच्या हे विचारायला गेलो, तर चंद्रपूरचे डॉक्टर माझ्याऐवजी आजोबांकडे बघून बोलले, "मुलं झाली ना? गर्भाची पिशवी काढून टाकू." त्यानंतर आमच्या दोघांचं कसं राहील, असं मी विचारलं, तर हसले. "मॅडम, या वयात?"

सासूबाई खूश. "काढून टाक बाई, मंग सपरीत झोपाचं कामच नाई."

नणंदेची पिशवी आधीच काढलेली. तिला विचारलं.

"मोकळं वाटते वहिनी. कापड नाई, डाग नाई." भाजी निवडता निवडता हळूच म्हणाली, "पण ह्यायले आता जवळ येऊ देत नाई मी. कोरडं वाटते, दुखते."

"डॉक्टरला सांगितलंस?"

"सांगून काय करू? दुसरी बसवून देते का तो?"

दोघीही हसलो. पण मी तिला घेऊन नागपूरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. तिथे कळलं, पिशवीबरोबर तिचे अंडाशयही काढले होते, कोरडेपणा त्यामुळेच. नवऱ्याला विचारलं होतं, तिला नाही! बाईच्या पोटातलं काढायचं आणि बाईलाच सांगायचं नाही? हा संताप अजून उतरलेला नाही.

त्या बाईंनी मला सरळ विचारलं, "नवऱ्याजवळ जावंसं वाटतं का?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं. नकोसं वाटणं गोळ्यांमुळेही असू शकतं म्हणाल्या, आणि त्या बंद करून त्यांनी पिशवीत रक्तस्राव कमी करणारं हार्मोनचं साधन बसवलं. सुरुवातीला डाग पडायचे, मग थांबले. इच्छा हळूहळू परतली. नणंदेचं दुखणं मलमाने कमी झालं, पण तोवर तिच्या आणि नवऱ्याच्या खाटा वेगळ्या खोल्यांत गेल्या होत्या. तशाच राहिल्या.

पोरी, डॉक्टरला तो 'पण' पुरा सांग.

माझी पिशवी शाबूत आहे. तुमच्या आजोबांची आणि माझी जवळीकही.