जिन करणं

‘जिन’ हा शब्द इंग्रजी आहे, हे आम्हां अकोलेकरांना कोणी सांगितलंच नव्हतं. जिथे कापसातली सरकी काढतात ते जिन. तिथला भोंगा झाला की माय घरातून निघायची. शाळेत अमरावतीहून आलेल्या आमच्या बाईंनी एकेकीला इंग्रजी क्रियापद विचारलं, तेव्हा जाणं, खाणं, गाणं सगळं पुढच्या बाकावरच्या वकिलांच्या मुलींनी आधीच संपवून टाकलं. मी ‘जिन’ म्हणून मोकळी झाले. वर्ग खो-खो हसला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी जाडजूड कोश उघडला. शब्द खरंच क्रियापदही निघाला. अर्थ, कापसातून सरकी वेगळी करणं. ‘एंजिन’चंच हे तुटलेलं शेपूट, आणि फार पूर्वी त्या शब्दाचा अर्थ होता अक्कल, हुन्नर. मग बाईंनी फळ्यावर इंग्रजीत वाक्य करून दिलं, ‘अकोल्यात लोक कापूस जिन करतात.’ माझी मान ताठ झाली.

घरी येऊन मी मायला सगळं सांगितलं. ती दिवसभर यंत्राच्या तोंडाशी बसून कापूस भरवायची आणि त्या हंगामात तिचा खोकला थांबत नव्हता. वैद्यांनी जिन सोडायला सांगितलं होतं. पण बाबांच्या पायावरून बैलबंडीचं चाक गेल्यापासून ते खाटेवरच होते. सोडणार कशी?

“हुन्नर म्हंते तुही बाई?” माय हसली आणि हसण्याचाच खोकला झाला. दम परत आल्यावर म्हणाली, “तू शिकून राहिली नं, बस. तुले तिथं पाय नाई ठेवू देत मी.”

त्या कोशाचा मला पुढे फार राग आला. अजून येतो. सरकी वेगळी, रुई वेगळी, एवढंच त्यात. मध्ये जे बारीक तंतू उडतात आणि बाईमाणसाच्या छातीत जाऊन बसतात, त्यांना त्या अर्थात जागा नाही. बाईंच्या वाक्यातले ‘लोक’ म्हणजे कोण, हेही त्यात नाही.

संक्रांतीच्या आधीच माय गेली. ऐन हंगाम. तेरवी झाली न झाली तोच मुकादम दारात.

“जागा खाली हाय. पोरीले पाठव, नाई तं दुसरी बसवतो.”

मी चुलीपाशी उभी होते. शाळा सुटली हे मी धरूनच चालले होते. बाबा खाटेवरून उठले आणि त्यांनी काठी शोधली.

“पोरगी नाई येत. मी येतो.”

“बायांच्या ओळीत बसशीन?”

“बसतो.”

दुसऱ्या दिवशी ते लंगडत गेले. बायांनी सरकून जागा दिली. बाप्ये मात्र फाटकाशी उभे राहून ‘या बाई’ म्हणून त्यांना हाका मारत. हे मला शेजारणीकडून कळलं. बाबांनी घरी कधी ब्र काढला नाही.

ते हंगामामागून हंगाम तिथे बसले. नागपूरहून मॅट्रिकचा निकाल आला, मी पास झाल्याचं सांगितलं, तेव्हा खोकला जरा थांबल्यावर ते एवढंच म्हणाले, “आता नाई जात मी तिथं.”

जायला त्यांची छाती उरली कुठे होती.