साहेबापुढे ओव्हरथ्रो

हसणार नसाल तर सांगतो. पण तुम्ही हसणारच, तेव्हा आधी तो चहा संपवा, उगाच ठसका लागेल.

मी तेव्हा सोलापुरातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचो. मूळचा करकंबचा. आमच्या भावकीत मॅट्रिक झालेला मी एकटाच, त्यामुळे माझ्या इंग्रजीत चूक काढणारा माणूस तोवर भेटलाच नव्हता. विद्वत्ता फोफावायला यापेक्षा चांगलं हवापाणी कुठे मिळणार?

नोकरी मात्र हंगामी. कायम व्हायचं तर शाळा तपासायला येणाऱ्या गोऱ्या साहेबाची मर्जी हवी. आणि बायकोने आधीच सांगोल्याला माहेरी निरोप धाडलेला, की यंदा हे पक्के होणार. आता सासरच्यांपुढे माघार कशी घ्यायची?

आमचे हेडमास्तर सरळ आणि भित्रे. त्यांनी मला एकच वाक्य पाठ करायला दिलं. साहेबाने शाळेच्या अडचणी विचारल्या की म्हणायचं, 'वुई विल ओव्हरकम, सर.' अडचणींवर मात करू, एवढाच अर्थ.

मला ते फारच मिळमिळीत वाटलं. 'कम' म्हणजे येणं. अडचणीकडे नुसतं येऊन काय करणार, पान खाणार? डिक्शनरीत जरा पुढेच 'ओव्हरथ्रो' सापडला. 'थ्रो' म्हणजे फेकणं. अडचण उचलायची आणि फेकून द्यायची. याला म्हणतात इंग्रजी! समोर छापलेला अर्थ काही मी वाचला नाही. ज्याला शब्द बघताक्षणी कळतो, त्याने अर्थ वाचून डोळे का शिणवावेत?

आता ते दिवस कसले होते, तेही ध्यानात घ्या. शहरात चळवळ पेटलेली. डोक्यावर पांढरी टोपी दिसली तरी पोलीस मागे वळून बघायचा. त्यामुळे साहेब एकटा आला नाही, बरोबर फौजदार घेऊन आला.

साहेबाने अडचणी विचारल्या. हेडमास्तरांनी मला खूण केली. मी छाती पुढे काढून म्हणालो, "वुई विल ओव्हरथ्रो, सर."

साहेबाने हातातला कप खाली ठेवला. मला वाटलं, भारावला बिचारा.

त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, काय ओव्हरथ्रो करणार? मी म्हटलं, जे जे मोठं होऊन आमच्यापुढे उभं राहील, ते. साहेब चांगला ताडमाड उंच होता आणि नेमका माझ्यापुढेच उभा होता, हे माझ्या फार नंतर ध्यानात आलं.

तुझ्याबरोबर कितीजण आहेत? मी म्हटलं, सगळी शाळा. तयारी कधी करता? रोज सकाळी, प्रार्थना झाली की. हे शिकवलं कुणी? इथे माझ्या अंगात मोठेपणा संचारला. सगळं श्रेय एकट्याने का घ्यावं, म्हणून मी हेडमास्तरांकडे बोट दाखवलं. ते मागे हात नेऊन खुर्ची चाचपायला लागले.

फौजदाराला इंग्रजी येत नव्हतं. पण हा एक शब्द सरकारी हुकमांतून त्याच्या कानावर इतका आदळलेला, की माझ्यापेक्षा त्याला तो जास्त पाठ होता. तो मला खेटून उभा राहिला आणि म्हणाला, "सरकार उलथून टाकताय व्हय, मास्तर? चला की मग चौकीवर."

तेव्हा कुठे मला त्या शब्दाचा अर्थ कळला. डिक्शनरीत फुकट मिळत होता तो!

पण आता खुलासा करायलासुद्धा इंग्रजी सुचेना. तेवढ्यात साहेबाने शेवटचं विचारलं, आजवर काय काय ओव्हरथ्रो केलंस, ते तरी सांग.

खोटं कशाला बोलू? जे तोंडात आलं ते सांगून टाकलं, "सर, गेल्या हिवाळ्यात मी माझा खोकला ओव्हरथ्रो केला. आणि सासूबाईंनी मलेरिया."

साहेब जो हसत सुटला, तो चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत. फौजदाराला त्याने हातानेच मागे सारलं आणि हेडमास्तरांना काहीतरी सांगितलं. ते मला धड कळलं नाही. हेडमास्तरांनी नंतर मराठीत सांगितलं, आणि सांगताना त्यांना भलताच आनंद होत होता. साहेब म्हणाला होता, "या माणसापासून सरकारला धोका नाही. याने उलथून टाकली आहे ती फक्त आमची भाषा."

पण माणूस दिलदार. जाता जाता त्याने मला कायम केलं. ड्रिल मास्तर म्हणून.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "मंजी आता विंग्रजी शिकवायचं न्हाय?"

मी म्हटलं, दोनच शब्द. लेफ्ट आणि राइट.

"तेवढं जमंल की तुमास्नी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मैदानावर उभा राहून मी खणखणीत आवाजात 'लेफ्ट टर्न' ओरडलो. सगळी पोरं डावीकडे वळली. मी एकटा उजवीकडे.